मदत हवी आहे: .223 च्या पुंगळ्या ट्रिम करायला कोणतं साधन घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासला असतो, रेंजवर नेमबाजी करतो आणि .223 रेमिंग्टनची काडतुसं घरीच रिलोड करतो, म्हणजे वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरतो. वापर आणि रिसायझिंग (पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणणं) यांमुळे पितळ हळूहळू लांबतं. कमाल लांबी 1.760 इंच, ट्रिम करून 1.750 वर आणायची. पुंगळी जास्त लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरमध्ये आवळलं जातं, गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. त्यामुळे इथे हयगय नकोच.

सध्या ली कंपनीचा कटर आणि लॉक स्टड (पुंगळी धरून ठेवणारा भाग) आहे. स्वस्त आणि अचूक, पण प्रत्येक पुंगळी आवळा, फिरवा, सोडवा, मग आतली-बाहेरची कड घासा. शंभरेक झाल्या की मनगट भरून येतं.

फॉर्स्टरचा हाताने फिरवायचा ट्रिमर मजबूत वाटतो, वेग मात्र बेताचाच. ड्रिलला लावायचा डब्ल्यूएफटी ट्रिमर भराभर कापतो, पण कड साफ करणं उरतंच. गिरॉच्या मोटरवाल्या यंत्रात कापणं आणि आतली, बाहेरची कड साफ करणं ही तिन्ही कामं एकदम होतात. किंमत पाहून मात्र हात आखडतो.

शेवटचे दोन्ही पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) टेकून कापतात, म्हणजे आधी रिसाइझ करणं आलंच. माझं पितळ वेगवेगळ्या कंपन्यांचं, मिसळलेलं आहे. अशा पितळावर लांबी एकसारखी येते का? कॅलिपरने मोजल्यावर किती फरक दिसतो? पुढेमागे .308 (दुसऱ्या मापाचं काडतूस) पण करायचं आहे. वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.