ग्लॉकचा उदोउदो अती होतोय

‘पिस्तूल म्हणजे ग्लॉक, बाकी सगळी खेळणी’ हे मत मला अजिबात पटत नाही. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारलं. कमी सुटे भाग, हलकं वजन आणि १७ गोळ्यांचं मॅगझिन, हे गुण मान्यच. पण पॉलिमर फ्रेमचं, म्हणजे कणखर प्लास्टिकच्या सांगाड्याचं श्रेय सर्रास ग्लॉकला देतात ते चूक आहे. हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीचं व्हीपी ७० पिस्तूल त्याआधी बारा वर्षं, १९७० मध्येच आलं होतं. आणि ‘ग्लॉक एक्स-रेत दिसत नाही’ ही तर निव्वळ लोणकढी थाप! स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) पोलादाचेच असतात की.

मला खरी खटकते ती सुरक्षिततेची रचना. बहुतेक मॉडेलांना अंगठ्याने लावायचा सेफ्टी खटका नाही. त्याऐवजी ट्रिगरमध्येच बसवलेली चिमुकली सेफ्टी पट्टी बोटाबरोबरच दाबली जाते, म्हणजे चुकून ट्रिगरवर गेलेल्या बोटाला ती अडवतच नाही. शिवाय साफसफाईसाठी स्लाइड काढायची तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. चेंबर (गोळी बसते ती जागा) नीट तपासलं नसेल तर तिथेच घात! नवशिक्याला डोळे झाकून हेच सुचवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. हातात बसण्याचंच म्हणाल, तर सीझेड ७५ या पिस्तुलाची मूठ कितीतरी सरस आहे.