मदत हवी आहे: बाबांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल लिहायचंय, गुरुवारच्या आत

चिमणी७२:
रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध. चार पानी पुस्तिका काढतोय, छापखानेवाला गुरुवारी मजकूर मागतोय. घरातले बाबा मी एका बैठकीत लिहीन. इस्त्रीची घडी मोडली की चिडायचे, माझी पहिली वेडीवाकडी पोळी 'फर्स्ट क्लास' म्हणून संपवली. पण फौजेचं पान कोरं आहे. ते त्याबद्दल बोललेच नाहीत कधी. सात पदकं आहेत. कुठलं कशाचं, कुणी सांगेल का? शीर्षक 'निवृत्त कर्नल अमुकतमुक : एक स्मरण' ठेवलंय. प्लीज लवकर.

सुभेदाराचा नातू:
रेजिमेंट? कमिशनचं, म्हणजे अधिकारी झाल्याचं साल? फोटो? नुसतं 'सात पदकं' म्हटल्यावर आम्ही काय पत्रिका मांडायची का?

हिशोबनीस:
आईंची फॅमिली पेन्शन 'स्पर्श'वर, फौजेच्या पेन्शन पोर्टलवर, सुरू झाली का? आधार आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर आधी ते करा.

चिमणी७२:
पेन्शन सुरू आहे हो, तो प्रश्नच नाही. रेजिमेंट सांगायची राहिली, मराठा लाईट इन्फंट्री. साल माहीत नाही. फोटो अपलोड होत नाहीये. एक पाच टोकांचा तारा आहे, त्यावर 'पूर्वी' एवढंच वाचता येतं, पुढचं झिजलंय.

बेळगावचा बाब्या:
पूर्वी स्टार! १९७१ चं युद्ध! मग बिनधास्त जमालपूरची लढाई लिहा. १० डिसेंबरची रात्र, जंगी पलटण, अंगावर काटा येतो. शेवटी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' टाका, झालं पान.

सुभेदाराचा नातू:
बिनधास्त काहीही लिहू नका. जंगी पलटण म्हणजे पहिली बटालियन. ताईंनी बटालियन कुठे सांगितलीय? पूर्वी स्टार एवढंच सांगतो की माणूस त्या वेळी पूर्व आघाडीवर होता. पुस्तिका त्यांच्या पलटणीतल्या कुणाच्या हाती पडली तर? ताई, गोल पदकांची कड बघा. नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं.

नियमकाका:
'निवृत्त कर्नल' नको. आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात निवृत्त. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही.

फौजी_लेक:
माझं मत वेगळं. पदकं सोडा, ट्रंकेवर लिहा. आमच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'कॅप्टन' होतं, त्यावर काळा हात मारून 'मेजर', मग परत काळा हात. मी सहा केंद्रीय विद्यालयं बदलली. आई पडदे शिवताना खाली चार बोटं कापड जास्त ठेवायची, पुढच्या क्वार्टरची खिडकी लांब निघाली तर उसवायला.

बेळगावचा बाब्या:
कडेवरची अक्षरं दिसायला ब्रासो पॉलिश मारा.

सुभेदाराचा नातू:
ब्रासो अजिबात नको!! तो तारा कशाने झिजला वाटतं तुम्हाला? खोलीतला दिवा मालवा, टॉर्च तिरका धरा. अक्षरं उठून दिसतात.

चिमणी७२:
तारा बाबा स्वतःच घासायचे, दर २६ जानेवारीला. टॉर्चने वाचलं. पण गोंधळ वाढला. दोन पदकांवरचा नंबर 'ईसी'ने सुरू होतो, बाकीच्यांवर 'आयसी'. आकडेही वेगळे. ही दुसऱ्या कुणाची तर नाहीत ना?

सुभेदाराचा नातू:
नाव एकच आहे ना? मग त्यांचीच. १९६२ च्या चीन युद्धानंतर अधिकारी कमी पडले, म्हणून इमर्जन्सी कमिशन दिली. त्यांचा नंबर ईसी. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. जे निवडले गेले त्यांना कायम कमिशन आणि नवा आयसी नंबर मिळाला. म्हणजे तुमचे बाबा त्या चाळणीतून राहिलेले. हे लिहा.

चिमणी७२:
आईला विचारलं. ती म्हणाली, "म्हणून तर लग्न दीड वर्ष लांबलं. माझे वडील अडून बसले होते, नोकरी कायम झाल्याचं दाखवा मगच मुहूर्त." मग उठून देवघरातला कुंकवाचा जुना डबा घेऊन आली. तळाशी घडी घातलेली तार. बाबांचं नाव आणि एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत : पक्का.
पहिल्या पानावर तीच छापतेय. शीर्षकही बदललं, काका.

हिशोबनीस:
छान. हयातीच्या दाखल्याचं तेवढं विसरू नका.