पहिला तुकडा कोणी भरवला? घरच्या स्वयंपाकाचे अनुभव लिहा

काल लेकाने घरी स्टेक केला. आम्ही ह्यूस्टनला असतो. दीड इंच जाड रिबाय, म्हणजे बरगडीकडचा काप, आणि तवा आईचा, बिडाचा. साड्यांत गुंडाळून बॅगेतून आणलेला. धूर निघेपर्यंत तापवला, चर्रर्र आवाज झाला, अलार्म बोंबलला, नवरा टॉवेलने वारा घालत उभा. मग लोणी, ठेचलेला लसूण, आणि ते फेसाळलेलं लोणी चमच्याने वरून सोडत राहिला. उतरवल्यावर दहा मिनिटं हात लावू दिला नाही. कापला आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला, "आई, मीठ बघ."

मला अण्णाच दिसले. सांगलीला रविवारचं मटण तेच करायचे. रस्सा रटरटत असताना निखाऱ्यावर कलेजीचा तुकडा भाजून, फुंकर मारून हातावर ठेवायचे. "मीठ बघ गं." जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याकडे कोण भरवायचं?

—

डोळ्यात पाणी आणलंत. आमच्याकडे आजी. नळीतली मज्जा ताटावर ठोकून काढून द्यायची, ती धाकट्याचीच. मी थोरली 😔

—

मीठ आदल्या रात्री की आयत्या वेळी?

—

आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये उघडाच ठेवतो तो. वरून कोरडा पडतो म्हणून रंग छान येतो. ओला टाकला तर आधी पाणीच आटत बसतं. थर्मामीटरने १२५ फॅरनहाइटला उतरवतो, बसल्या बसल्या अजून पाचेक अंश चढतं. आणि काप रेषांच्या आडवे, नाहीतर चिवट लागतो.

—

आमच्या अलिबागकडे थंडीत पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. तोंडाला परत पाला कोंबून मडकं उपडं आणि भोवती जाळ. झालं की नाही ते काका ठरवणार. मडक्यावर पाणी शिंपडायचे, चर्र करून लगेच उडालं की काढा. पहिली शेंग त्यांची, कारण चटके तेच खायचे. यंदा काका नाहीत, मडकं मी लावलं. पाला कमी पडला, खालच्या शेंगा करपल्या. तरी चुलतभाऊ म्हणाला वास तोच आलाय.

—

तोच वास येणार दादा. पुढच्या वर्षी पाला दुप्पट घ्या.

—

बिडाच्या तव्याबद्दल विचारायचं होतं. सासूबाईंचा माझ्याकडे आलाय, गंज चढलाय. टाकवत नाही.

—

टाकू नका!! चोथ्याने खसखसून घासा, लगेच गॅसवर कोरडा करा, तेलाचं अगदी पातळ बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवा. चार-पाच वेळा. नंतर घावन, धिरडी काढत राहा, आपोआप काळा होतो. चिंच, टोमॅटो सध्या नको.

—

आम्ही शाकाहारी, पण सोलापूरकडचा हुरडा चालेल ना इथे? आगटीतून कणसं काढून बाबा तळहातावर चोळायचे, फोलपटं फुंकून उडवायचे आणि गरम दाणे थेट माझ्या मुठीत. त्यांचे तळवे लालभडक व्हायचे. सोबत लसणाची चटणी. आता हात थरथरतात त्यांचे. मागच्या महिन्यात मी चोळून दिला तर म्हणाले, अजून फुंक, फोलपट राहिलंय.

—

चालेल काय, पळेल! बाबांना नमस्कार सांगा.

—

तवा घासला. तीनदा तेल झालं. उद्या धिरडी.