अमिओडॅरोन सुरू झाल्यापासून आईचा आयएनआर वर-खाली होतोय, अनुभव हवेत

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले. लहानपणी सांधेज्वर झाल्यामुळे आईची मायट्रल झडप आकसली आहे. त्यातूनच पुढे हृदयाचे ठोके अनियमित झाले (एट्रियल फिब्रिलेशन). गुठळी होऊ नये म्हणून ती बरीच वर्षं असिनोकुमॅरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) २ ते ३ ठेवायला सांगितलाय आणि तो राहतही होता.

दिवाळीनंतर धडधड फार वाढली म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी अमिओडॅरोन हे ठोके ताळ्यावर आणायचं औषध सुरू केलं. तेव्हापासून आयएनआर आधी ३.४, मग ४.१. असिनोकुमॅरॉलचा डोस कमी करून मिळालाय, पण गोळी अर्धी करायची म्हणजे आई ओट्यावर ब्लेडने कापते आणि एक तुकडा हमखास मोठा होतो. मोठा आज, छोटा उद्या. कालनिर्णयच्या चौकोनात रोजचा डोस लिहितो, तपासणीचा आकडा लाल पेनाने.

डॉक्टरांनी समजावलं ते असं : रक्त पातळ करणारी गोळी यकृतात ज्या एन्झाइममुळे निकामी होते, त्यालाच अमिओडॅरोन अडवतं. शिवाय ते शरीरातल्या चरबीत साठतं, त्यामुळे परिणाम काही आठवडे चढत राहतो आणि औषध बंद केलं तरी लगेच ओसरत नाही. त्यात आयोडीनही भरपूर. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम, आणि माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम! म्हणून थायरॉइडची तपासणीही सांगितलीय. थायरॉइड वाढलं तर आयएनआर आणखी वर जातो म्हणे.

मामा म्हणतो, "रिव्हरोक्साबॅन घ्या, तपासणीची कटकटच नको." (ही रक्त पातळ करणारी नवी गोळी, तिला आयएनआर बघावा लागत नाही.) हा सल्ला कृपया देऊ नका. सांधेज्वराने झडप खराब झालेल्या रुग्णांवर इन्व्हिक्टस नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह २४ देशांतले साडेचार हजार रुग्ण होते. त्यात रिव्हरोक्साबॅनपेक्षा असिनोकुमॅरॉलसारख्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. आमचे डॉक्टरही तेच सांगतात, आणि मला ते पटतं.

मला विचारायचंय ते रोजच्या निभावण्याचं. अमिओडॅरोनसोबत आयएनआर स्थिर व्हायला तुमच्या घरी किती काळ लागला? तोवर तपासणी किती दिवसांनी करत होता? पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो, तर शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आईने मेथी, चाकवत, शेपू सगळंच सोडलंय. डॉक्टर म्हणतात सोडू नका, दर आठवड्याला साधारण सारखंच खा. पण भाजी स्वस्त झाली की आमच्याकडे सलग चार दिवस मेथीच असते. तुम्ही कसं जमवता?

आणखी एक. बागेच्या छाटणीनंतर गुडघे दुखले की ती गावातल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते. दुकानदार काही विचारत नाही. डायक्लोफेनॅकसारख्या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो हे तिला कितीदा सांगितलं, तरी "एकाने काय होतंय" हेच उत्तर. हिरड्यांतून रक्त, काळी शौच यावर लक्ष ठेवतो, पण गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तुमच्याकडे काय दिलं?

शेवटचं, घरी बोटातून रक्त घेऊन आयएनआर बघायचं यंत्र कोणी वापरतं का? पट्ट्या सांगली-मिरजेत मिळतात का, केवढ्याला पडतात, आणि तो आकडा लॅबशी कितपत जुळतो? दर वेळी तिला एसटीने मिरजेला न्यायचं म्हणजे तिचा अख्खा दिवस जातो, आणि हल्ली तेवढ्यानेही ती दमते.