वर्डमध्ये पुस्तक लावू नये म्हणे!

पेठकरी: काल इथे एका डीटीपीवाल्यांनी (संगणकावर छपाईसाठी पानं लावणाऱ्यांनी) लिहिलं, ‘वर्ड अर्ज खरडायला आहे, त्यात पुस्तक लावणं हा अडाणीपणा.’ डोकंच फिरलं. काकांचा कथासंग्रह मी वर्डमध्येच लावला. साडेपाच बाय साडेआठ इंच, मिरर मार्जिन म्हणजे समोरासमोरच्या पानांना आरशासारखे समास, बांधणीसाठी गटर म्हणजे आतल्या बाजूला जादा जागा, शीर्षकांना हेडिंग स्टाइल, अनुक्रमणिका आपोआप. कथेआधी ऑड पेज सेक्शन ब्रेक टाकला की कथा उजव्या पानावरच सुरू होते. स्पेसबार बडवून शीर्षक मधोमध आणणाऱ्यांचा राग वर्डवर कशाला?

कंपोझवाला: तसलेच जास्त येतात ओ! फाईल उघडली की एंटर, एंटर, एंटर. एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं घसरतात. मग रात्रभर कोण बसणार? मी!

नवी पेठ: बसून काय दिवे लावता ते पाहिलंय. तुमच्याच धंद्यातल्या एकाने आईच्या आठवणी पेजमेकरात, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरात घेतल्या. त्यात युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारं मराठी टायपिंग, चालत नाही म्हणून फाँट कन्व्हर्ट केला. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, ‘शेजाऱ्यांना’चं ‘शेजार्यांना’. आईने भिंग घेऊन तपासलेलं प्रूफ पाण्यात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, अजून तिलाच कवटाळून बसलेत!

कंपोझवाला: जुनं म्हणजे टाकाऊ? श्रीलिपीच्या जुन्या फाँटांची जोडाक्षरं बघा, मग बोला. विंडोजच्या मंगल फाँटमध्ये पुस्तक छापलं की बँकेची जप्तीची नोटीस वाटते.

नवी पेठ: मंगल कोण वापरतंय? यशोमुद्रा फाँट आहे, तिरो देवनागरी मराठी आहे. फुकट.

कंपोझवाला: आलात फुकटवर! पानाचा दर सांगितला की चादर घेतल्यासारखी घासाघीस. वर ‘तुम्हाला काय, बटणंच तर दाबायची.’

गड्ड्यावरचा: मूळ मुद्दा वर्डचा होता, आठवतंय का कुणाला? दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच. तसली कोष्टकं वर्डमध्ये लावून दाखवा, पेठकरी.

पेठकरी: नाही जमणार, झालं समाधान? छपाईचे चार शाईंचे सीएमवायके रंगही वर्डमध्ये नाहीत, तेव्हा मुखपृष्ठ यांच्याकडेच. पण साध्या गद्याला एवढा तोरा कशाला?

कंपोझवाला: आणा तुमचं गद्य. फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाँट आतच असलेली पीडीएफ आणा, वर्डची डॉक्स फाईल नको. डॉक्स आमच्या मशीनवर उघडली की पानं हलतात. आणि पानं १६च्या पटीत बसवा, एक फॉर्म १६ पानांचा. एक साहेब १६२ घेऊन आले, ऐनवेळी मनोगत घुसवलेलं. अकराव्या फॉर्मात दोन पानं छापील, चौदा कोरी.

नवी पेठ: चौदा पानांत तुमच्या लोकांचं शुद्धिपत्र बसलं असतं की!