दशांशचिन्हावरून सामग्रीचा प्रकार ठरत नाही

पूर्ण संख्या आली की सामग्री (गोळा केलेली आकडेवारी) खंडित, म्हणजे सुटी ठरावीक मूल्येच घेणारी, आणि दशांशचिन्ह आले की अखंडित, म्हणजे दोन मूल्यांमधले कोणतेही मूल्य घेऊ शकणारी, हा सुचवला जाणारा नियम लक्षात ठेवायला सोपा असला, तरी तो मुलांना शिकवू नये, असे मला मनापासून वाटते. बुटाचे माप 6, 6.5 किंवा 7 असते. त्यात दशांशचिन्ह येते, पण सहा आणि साडेसहा यांच्यामधले माप दुकानात मिळत नाही, म्हणून ती सामग्री खंडित. आता एखाद्या मुलाचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्यावे आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर वर्गातल्या दोघींना मोजू द्यावे: खूण 22.4 सेंमी आणि 22.5 सेंमी यांच्या मध्येच कुठेतरी पडते, दोघी वेगवेगळी उत्तरे सांगतात आणि दोघींपैकी कोणीही चुकलेली नसते. हीच लांबी 22 सेंमी अशी पूर्णांकात लिहिली, तरी ती अखंडितच राहते. (वयाचेही तसेच; आपण 12 वर्षे म्हणतो, पण ते क्षणाक्षणाला वाढत असते.) पुढे उंचीचे 140–144, 145–149 असे वर्ग 139.5–144.5, 144.5–149.5 असे सलग करून आयतालेख (प्रत्येक वर्गात किती जण आहेत हे स्तंभांनी दाखवणारा आलेख) काढताना स्तंभ एकमेकांना चिकटवून का काढायचे, असे मुले हमखास विचारतात. तेव्हा हा पावलाचा कागद पुन्हा समोर ठेवावा: 22.4 आणि 22.5 यांच्यामध्ये जशी लांबी असते, तशी 144 आणि 145 यांच्यामध्येही उंची असते, म्हणून स्तंभांमध्ये फट ठेवायची नाही.