मदत हवी आहे: गिटार जोडताना स्क्रू नुसता फिरतोय

षड्ज: किट मागवून इलेक्ट्रिक गिटार जोडतोय. रंग झाला, वायरिंग झालं आणि शेवटी स्क्रूंनी अडवलंय. भोकं ढिली आहेत, काही केल्या घट्ट होत नाही. रविवारी सोसायटीच्या गणपतीत वाजवायचीय. लवकर सांगा.

रंधा: आगपेटीच्या काड्या घ्या, गूल तोडा, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका. आमच्या दाराच्या बिजागऱ्या अशाच बसवल्यात, पंधरा वर्षं हलल्या नाहीत.

पंचम७: दाराचं इथे चालणार नाही. सहा तारांचा मिळून ४५ किलोच्या आसपास ताण असतो. ६ मिमीचं भोक पाडून लाकडी खुंटी चिकटवा आणि नव्याने स्क्रू बसवा.

रंधा: तयार खुंटीचे रेषे उभे असतात. स्क्रू रेषांच्याच दिशेने शिरला की पकड कमी मिळते. आडव्या रेषांची खुंटी बाजारात कुठे मिळते ते सांगा.

अनुजा_सातारा: आधी कुठली भोकं ते कळू दे. पट्ट्याच्या बटणाची, पिकगार्डची (तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीची) की नेकची, म्हणजे बॉडीला जोडलेल्या लांब दांड्याची?

षड्ज: नेकचीच हो! चारही.

मंद्र: लांब स्क्रू घाला, विषय संपला. खरं तर नेक चिकटवलेली गिटारच घ्यायला हवी होती, तिचा आवाज जास्त टिकतो.

पंचम७: फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ पासून स्क्रूवरच आहे, तिचा आवाज टिकत नाही का?

अनुजा_सातारा: लांब स्क्रू अजिबात नको! नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची वरची पट्टी) धरून साधारण २५ मिमी जाड. ४५ मिमीचा स्क्रू बॉडी ओलांडून तिच्यात जेमतेम १५ मिमी शिरतो. फार लांब घेतलात तर टोक फ्रेटबोर्ड फोडून वर येईल. षड्ज, सैल भोकं बॉडीतली की नेकमधली? बॉडीतून स्क्रू हाताने सरकायलाच हवा. आटे फक्त नेकमध्ये धरायचे. बॉडीतही धरले तर मधे फट राहते, मग कितीही पिळा.

षड्ज: आत्ता पाहिलं. बॉडीतली चारही सैल. नेकमध्ये दोन पक्की, दोनांत स्क्रू गरगर फिरतो. काढला तर आट्यांत मेपलचा, म्हणजे नेकच्या लाकडाचा भुसा अडकलेला. ड्रिल मशीनने पिळले होते.

अनुजा_सातारा: मग काम दोनच भोकांचं, बॉडीला हात लावू नका. आगपेटीची काडी मऊ असते, बांबूच्या टूथपिक घ्या. फेविकॉल लावून भरा, वरचं कापा, २४ तास थांबा. मग ३ मिमीच्या बिटला १६ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून भोक पाडा. स्क्रूला मेणबत्ती घासा आणि हातानेच पिळा. चारही थोडे थोडे, कर्णाने.

रंधा: टूथपिक ठोकू नका, अंगठ्याने दाबा. ठोकलं तर मेपल चिरतं.

षड्ज: प्रत्येकी तीन बसल्या. उद्या रात्री भोक पाडतो. पट्ट्याचं मागचं बटणही हलतंय, त्याला हेच चालेल का?